उंबरठ्याच्या आतली क्रांती

राजकीय क्रांतीचा इतिहास बहुधा सभा, कायदे, खटले आणि फाशीच्या तारखा यांच्या आधारे लिहिला जातो, कारण सरकारी दप्तरांत जपून राहणारी साधने प्रामुख्याने याच गोष्टींची असतात. त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या लेखी मात्र क्रांतीचा आरंभ वेगळ्या ठिकाणी होतो. राज्यसत्तेचा माणूस ज्या दिवशी उंबरठा ओलांडून माजघरापर्यंत येतो, वडीलधाऱ्यांचे काही चालत नाही हे ज्या दिवशी प्रथमच डोळ्यांनी दिसते, त्या दिवशी मूल जाणते होते आणि राजकारण त्याच्या घरचे होते. अशा जाणते होण्याची एक कथा इराणी चित्रकर्ती मार्जान सत्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’ या 2007 च्या ॲनिमेशनपटाने जगभर पोहोचवली. तशीच एक कथा तिच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी चिंचवडच्या एका कीर्तनकाराच्या घरात घडली होती आणि इराणची क्रांती ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, म्हणजे 1979 मध्ये, ती मराठी पडद्यावर आली. या दोन कथा शेजारी ठेवून पाहिल्या की क्रांतीच्या इतिहासात कोणाचा आवाज टिकतो आणि कोणाचा विरून जातो, या प्रश्नाचे उत्तर बरेच स्पष्ट होते.

या कथेचा भूगोल आजच्या वाकडच्या दोन अंगांना पसरलेला आहे. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले, म्हातोबाला ग्रामदैवत मानणारे आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आलेले वाकड आज उंच इमारतींचे उपनगर झाले आहे. तिथून डांगे चौक आणि थेरगाव ओलांडून पवनेपलीकडे गेले की चिंचवडगाव लागते, जिथे मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून जवळच चापेकर बंधूंचा वाडा आणि त्यांच्या नावाचा चौक आहे. वाकडहून उलट दिशेला, औंधवरून पुण्याकडे निघाले की गणेशखिंड येते आणि तिथे त्या काळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा बंगला असलेली, आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत असलेली वास्तू उभी दिसते. ज्या घरात चापेकर बंधू वाढले ते घर आणि ज्या रस्त्यावर 22 जून 1897 रोजी त्यांनी प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या झाडल्या तो रस्ता, ही दोन्ही ठिकाणे वाकडपासून दहा-बारा किलोमीटरांच्या आत आहेत.

कीर्तनकाराचे घर

दामोदर हरी चापेकर यांचा जन्म 1869 मध्ये चिंचवडला झाला. बाळकृष्ण त्यांच्यापेक्षा सुमारे चार वर्षांनी लहान, तर वासुदेव हे धाकटे भाऊ दहा-अकरा वर्षांनी लहान होते. कुटुंब कधी काळी सुस्थितीत होते, पण एकत्र कुटुंबाच्या खर्चाखाली आणि व्यवहारातल्या अपयशाखाली ती स्थिती ढासळली आणि वडील हरिपंतांनी कीर्तनाचा मार्ग धरला. नारदीय कीर्तनात कीर्तनकार, म्हणजे हरदास, पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे किंवा पदाचे तात्त्विक निरूपण करतो आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून पुराणातील किंवा इतिहासातील आख्यान लावतो; साथीला पेटी, झांजा आणि तबला असतो आणि चापेकरांच्या घरी ही साथ करण्याचे काम मुलांकडे होते. त्यामुळे शाळेच्या वर्गापेक्षा कीर्तनाच्या फडावर आणि वडिलांबरोबरच्या प्रवासातच या मुलांचे खरे शिक्षण झाले. धर्मासाठी प्राण देणारे वीर, अन्यायी राजे आणि त्यांचा अंत यांच्या गोष्टी रोज कानांवर पडत असल्यामुळे, अन्यायाला उत्तर देणारा पुरुष असतो कसा याची एक ठाम प्रतिमा त्यांच्या मनात लहानपणीच तयार झाली होती.

दामोदरांना सैन्यात जायचे होते आणि त्यांनी त्यासाठी खटपटही केली, परंतु सरकारने त्यांना घेतले नाही. पुढे पुण्यात राहू लागल्यावर त्यांनी मुलांना जमवून व्यायाम, लाठी आणि गोफणीचा सराव करणारे मंडळ काढले आणि सार्वजनिक गणेशोत्सव व शिवाजी उत्सव यांच्या व्यासपीठावर भाऊ स्वतः रचलेले श्लोक म्हणू लागले. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घालण्याचे कृत्य आपण केले, असे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले. त्यांच्या रागाचे दुसरे टोकही इतिहासाने लपवता कामा नये. इंग्रजी राज्याइतकाच त्यांचा रोष एतद्देशीय समाजसुधारकांवर होता. स्त्रीशिक्षण, जातिभेदाचा विरोध आणि धर्माचाराची चिकित्सा यांना ते स्वधर्मावरचे आक्रमण समजत होते. स्वातंत्र्याची ओढ आणि सोवळ्याची कडवी कल्पना त्यांच्या मनात एकमेकींत विणलेल्या होत्या आणि 1897 च्या प्लेगमध्ये जे घडले त्याने नेमका हा दुहेरी धागा ताणला गेला.

प्लेग आणि झडतीचा वसंत

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांतच हा रोग पुण्यात पोहोचला. रोगाचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला अलेक्सांद्र येर्सँ यांनी शोधला होता, परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवा तो माणसात आणतात ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये प्रयोगाने दाखवली. दरम्यानच्या काळात शासनाची सारी उपाययोजना माणसे, कपडे, भांडी आणि घरे यांनाच रोगाचे वाहक मानून चालली होती. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा झाला आणि त्याने प्रशासनाला घरात शिरण्याचे, माणसांना वेगळे काढण्याचे व मालमत्ता नष्ट करण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यासाठी विशेष प्लेग समिती नेमली गेली आणि तिचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची नियुक्ती झाली. त्याच्या हाताखाली 893 अधिकारी आणि सैनिक देण्यात आले, त्यांत गोऱ्या पलटणीचे शिपाई होते, आणि 13 मार्च ते 19 मे 1897 या काळात त्यांनी शहरातील घरे झडतीसाठी पिंजून काढली.

झडतीचा क्रम ठरलेला होता. शिपायांची तुकडी आळीत येई, घराचे दार उघडायला लावी, प्रत्येक खोली तपासली जाई, संशयित आजाऱ्याला प्लेगच्या इस्पितळात आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई, त्यानंतर घरातील बिछाने व कपडे जाळले जात आणि जमीन व भिंती जंतुनाशकाने धुतल्या जात. ज्या समाजात पाहुण्यालाही ओसरीच्या पुढे जाण्यापूर्वी थांबावे लागे, तिथे बूट घातलेला परका शिपाई स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरला. बायकांच्या काखेत आणि जांघेत गाठी पाहण्यासाठी होणारी तपासणी ही तर प्रत्येक घराच्या मनाला लागलेली जखम ठरली. शासनाने स्त्रियांचा मान राखण्याच्या सूचना दिल्या होत्या आणि गैरवर्तनाच्या तक्रारी खोट्या किंवा अतिरंजित ठरवल्या. शहरात मात्र त्या तक्रारी घरोघरी सांगितल्या जात होत्या. वैद्यकीय दृष्टीने यातील बराचसा त्रास निष्फळ होता, कारण धुतलेल्या भिंतींमागे उंदीर तसेच राहिले होते.

या सक्तीला पुण्याने एकाच आवाजात उत्तर दिले नाही. लोकमान्य टिळकांनी केसरीतून समितीच्या पद्धतीवर कठोर टीका केली आणि त्याच वेळी शहरात राहून हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उभारण्यात भाग घेतला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये असताना शिपायांच्या अत्याचारांचे आरोप जाहीरपणे मांडले, पण पुराव्याअभावी परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमातील एका मुलीच्या संदर्भात प्लेग इस्पितळातील कारभारावर वृत्तपत्रातून उघड लिहिले; ज्या स्त्रियांच्या अब्रूबद्दल सारे पुरुष बोलत होते त्यांच्यापैकी एकीने स्वतःच्या नावाने बोलण्याचा तो मोलाचा प्रसंग होता. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या मुलाच्या, यशवंतांच्या, दवाखान्यात रुग्णसेवा केली आणि त्याच सेवेत लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी, म्हणजे लष्करी झडती सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, त्यांचा मृत्यू झाला. चापेकरांच्या घरात ज्या विचारांचा तिरस्कार होता त्याच विचारांची ही स्त्री त्या साथीत सर्वाधिक उपेक्षितांच्या बाजूला उभी होती, ही गोष्ट त्या वर्षाच्या इतिहासातून वगळता येत नाही.

22 जून आणि त्यानंतरची दोन वर्षे

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यात रात्री समारंभ होता. साठ वर्षांच्या राज्याचा उत्सव म्हणून टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या, आणि समारंभ आटोपून परतणाऱ्या गाड्यांची चापेकर बंधू वाटेवर वाट पाहत होते. लोकस्मृतीत ‘गोंद्या आला रे’ या खुणेच्या आरोळीने अमर झालेल्या त्या क्षणी दामोदरांनी रँडच्या गाडीमागे धावत जाऊन गोळी झाडली आणि मागच्या गाडीतील लेफ्टनंट चार्ल्स आयर्स्ट याच्यावर बाळकृष्णांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच मरण पावला, तर रँडचा मृत्यू 3 जुलै रोजी झाला. दामोदर त्या दिवशी अठ्ठावीस वर्षे पूर्ण होण्याच्या उंबरठ्यावर होते, बाळकृष्ण चोविशीच्या आसपास होते आणि वासुदेवांनी विशीही गाठलेली नव्हती.

सरकारचा प्रत्याघात साऱ्या शहरावर झाला. वीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. पुण्याच्या नातू बंधूंना 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, म्हणजे खटला न चालवता माणसाला अडकवून ठेवण्याची मुभा देणाऱ्या जुन्या नियमाखाली, स्थानबद्ध करण्यात आले. आणि टिळकांवर केसरीतील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला चालून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. गणेश आणि रामचंद्र द्रविड या भावांनी दिलेल्या माहितीवरून दामोदर पकडले गेले, ऑक्टोबरमध्ये त्यांनी कबुली दिली आणि 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. बाळकृष्ण निजामाच्या राज्यात लपून राहिले आणि पुढे पकडले गेले.

जाणते होण्याच्या कथेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो. थोरला भाऊ फासावर गेलेल्या आणि मधला परागंदा झालेल्या घरात, पोलिसांच्या रोजच्या हजेरीखाली, वासुदेव चापेकर मोठे झाले. वडिलांच्या कीर्तनातील आख्यान ऐकून वाढलेला हा मुलगा आता स्वतःच्याच घराच्या आख्यानात उभा होता. 8 फेब्रुवारी 1899 च्या रात्री त्यांनी आणि त्यांचे मित्र महादेव विनायक रानडे यांनी द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. त्यांच्याबरोबरचा खंडो विष्णू साठे कायद्याने अल्पवयीन असल्यामुळे त्याला दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. वासुदेवांना 8 मे, रानड्यांना 10 मे आणि बाळकृष्णांना 12 मे 1899 रोजी येरवड्यातच फाशी दिली गेली. पाच दिवसांत तीन फाशा झाल्या, आणि एका घरातील तिन्ही मुलगे तेरा महिन्यांच्या आत संपले. नाशिकजवळच्या भगूर गावी ही बातमी वाचणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या विनायक दामोदर सावरकरांनी कुलदेवतेपुढे सशस्त्र लढ्याची शपथ घेतली. एका घरातील मुलांच्या मरणाने दुसऱ्या घरातील मूल जाणते झाले. 1918 मध्ये न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने भारतातील क्रांतिकारी कटांचा अहवाल सादर केला तेव्हा त्याची सुरुवातही पुण्याच्या याच घटनांपासून करावी लागली.

दामोदरांनी तुरुंगात स्वतःचे आत्मवृत्त लिहिले होते. बालपण, कीर्तनाचे दौरे, सुधारकांविषयीचा राग, पुतळ्याचे प्रकरण आणि रँडचा पाठलाग हे सारे त्यात त्यांनी उघडपणे नोंदवले, आणि ते सरकारी कामासाठी केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या रूपात दप्तरात जतन झाले. मराठी मुलाने मराठीत सांगितलेली स्वतःच्या वाढीची गोष्ट त्याला फाशी देणाऱ्या राज्याच्या भाषेतून पुढच्या पिढ्यांकडे आली, हा या साधनाचा सर्वांत बोलका विशेष आहे.

1979 चा चित्रपट

जयू पटवर्धन आणि नचिकेत पटवर्धन या वास्तुशास्त्र शिकलेल्या दांपत्याने ‘22 जून 1897’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा देश आणीबाणीतून नुकताच बाहेर आला होता आणि विनाचौकशी स्थानबद्धता ही गोष्ट येरवड्याच्या आसपासच्या घरांना पुन्हा एकदा ठाऊक झाली होती. चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि कलादिग्दर्शनाचाही राष्ट्रीय सन्मान झाला. वास्तुरचनाकाराची नजर असलेल्या या दिग्दर्शकांनी वाडा, ओसरी, बोळ, कंदिलाचा उजेड आणि पोशाख यांची काळाला धरून मांडणी केली, त्यामुळे प्रेक्षकाला 1897 चे पुणे ही राहण्याची जागा म्हणून जाणवते आणि झडती म्हणजे नेमके कशाचे उल्लंघन होते हे शब्दांआधी डोळ्यांना कळते. पारंपरिक देशभक्तिपटातील टाळ्यांचे संवाद टाळून या चित्रपटाने सामान्य घरातील तरुणांना सामान्य उंचीवर ठेवले; त्यांचा निर्धार आणि त्यांची संकुचितता या दोन्ही गोष्टींना त्यात जागा मिळाली.

तेहरानचे घर

हा चित्रपट ज्या वर्षीचा, त्याच वर्षीच्या 16 जानेवारीला इराणचे शाह महंमद रझा पहलवी देश सोडून गेले, 1 फेब्रुवारीला आयतुल्ला खोमेनी परतले आणि 11 फेब्रुवारीला राजवट कोसळली. दामोदरांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1969 मध्ये, जन्मलेली मार्जान सत्रापी तेव्हा तेहरानमध्ये नऊ वर्षांची होती. तिच्या घरातील माणसांनी शाहच्या तुरुंगांचा अनुभव घेतला होता, त्यामुळे क्रांतीचे त्यांनी मनापासून स्वागत केले. परंतु काही महिन्यांतच नव्या सत्तेने जुन्या राजवटीच्या कैद्यांनाच पुन्हा पकडायला सुरुवात केली. 8 मार्च 1979 रोजी सक्तीच्या हिजाबाविरुद्ध, म्हणजे केस झाकणाऱ्या शिरोवस्त्राच्या सक्तीविरुद्ध, तेहरानच्या स्त्रिया हजारोंनी रस्त्यावर आल्या, तरीही पुढच्या वर्षी ते वस्त्र शाळकरी मुलींच्या डोक्यावर आले. 22 सप्टेंबर 1980 रोजी इराकने आक्रमण केले आणि 1988 पर्यंत चाललेल्या युद्धाने नव्या सत्तेला प्रत्येक विरोध देशद्रोह ठरवण्याचे साधन दिले. युद्ध चालू असतानाच आईवडिलांनी चौदा वर्षांच्या मुलीला एकटीला व्हिएन्नाला पाठवले. ती परत आली, शिकली, तिचे लग्न झाले आणि मोडले, आणि 1994 मध्ये ती फ्रान्सला गेली ती कायमची.

ही गोष्ट सत्रापींनी 2000 ते 2003 या काळात चार भागांच्या चित्रकादंबरीत, म्हणजे चौकटींमागून चौकटी रेखाटत सांगितलेल्या दीर्घ कथेत, मांडली आणि व्हँसाँ पारोनो यांच्यासह तिचा चित्रपट केला. ॲनिमेशन म्हणजे एकेका हालचालीची क्रमवार चित्रे काढून ती सेकंदाला चोवीस या वेगाने दाखवणे; रेषेला चालते-बोलते करण्याचे हे तंत्र मराठी मातीलाही परके नाही, कारण दादासाहेब फाळक्यांनी मूकपटाच्या पहिल्या वर्षांतच आगकाड्या हलवून छोटा सचेतनपट केला होता आणि पुण्याच्या प्रभात कंपनीने 1934 मध्ये ‘जंबूकाका’ पडद्यावर आणला होता. ‘पर्सेपोलिस’मध्ये विमानतळावर बसलेल्या मोठ्या मार्जानचा वर्तमान रंगीत आहे आणि तिची आठवण काळ्या-पांढऱ्या रंगांत उलगडते. राजांचा आणि तेलाच्या राजकारणाचा इतिहास बाहुल्यांच्या खेळासारखा दिसतो, त्यामुळे पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटतो. प्रत्यक्ष नटांना घेऊन चित्रपट केला असता तर तो कोणत्या तरी दूरच्या देशातील परक्या लोकांची कथा झाला असता, रेषेत काढलेला चेहरा मात्र कोणाचाही होऊ शकतो, ही भूमिका सत्रापींनी वेळोवेळी मांडली आहे.

या चित्रपटाची ताकद घरातल्या प्रसंगांत आहे. शाहच्या तुरुंगातून सुटलेला अनूश काका नव्या राजवटीत पकडला जातो, अखेरच्या भेटीसाठी पुतणीला बोलावतो आणि भाकरीच्या लगद्याचा हंस तिच्या हाती देतो. त्यानंतर त्या मुलीचा देवावरचा विश्वास तुटतो. नैतिकतेचे पहारेकरी गाडी अडवून घरापर्यंत येतात तेव्हा नात आणि आजी धावत वर जाऊन दारूच्या बाटल्या मोरीत रिकाम्या करतात, आणि संरक्षक म्हणून ओळखलेले वडील लाच देऊन सुटका करून घेताना मुलीला दिसतात. आजी कपड्यांच्या आत जाईची फुले ठेवते आणि नातीला स्वतःशी प्रामाणिक राहायला शिकवते. या आजीचा वास, तिची शिस्त आणि तिचा राग हाच चित्रपटाचा कणा आहे. 2007 मध्ये कान महोत्सवात ज्यूरी पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटाचा इराणच्या सरकारी चित्रपटसंस्थेने निषेध केला, लेबनॉनमध्ये त्यावर काही काळ बंदी आली, आणि ट्युनिशियात ऑक्टोबर 2011 मध्ये नेस्मा वाहिनीने तो स्थानिक बोलीत दाखवल्यावर वाहिनीच्या प्रमुखावर खटला होऊन त्याला 2400 दिनारांचा दंड झाला. अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी क्रांती केलेल्या देशाला एका मुलीच्या रेषांची भीती वाटली, यावरून त्या रेषांचे बळ लक्षात येते.

न काढलेले चित्र

दोन घरांतील साम्य उघड आहे. दोन्हीकडे शासनाने लोकांच्या भल्याच्या नावाने, एकीकडे आरोग्याच्या आणि दुसरीकडे सदाचाराच्या, घरात प्रवेश केला. दोन्हीकडे स्त्रीचे शरीर ही सत्तेने हक्क सांगण्याची पहिली जागा ठरली. आणि दोन्हीकडे मोठ्यांचा असहायपणा पाहून मुले वयाआधी मोठी झाली. भेद मात्र तितकाच मूलगामी आहे. चिंचवडच्या मुलांनी अपमानाचे उत्तर पिस्तुलाने दिले आणि त्याची किंमत प्राणांनी मोजली, तर तेहरानच्या मुलीला तिच्या घराने जिवंत राहून सांगण्यासाठी दूर पाठवले. चिंचवडच्या मुलांना नव्या राज्याचा अनुभव घेण्याची संधीच मिळाली नाही. तेहरानच्या मुलीने जुनी सत्ता गेल्यावर नवी सत्ता त्याच उंबरठ्यावरून आत येताना पाहिली, म्हणून तिच्या कथेत वीर कमी आणि प्रश्न अधिक आहेत.

याहून खोल भेद सांगणाऱ्याचा आहे. 1897 च्या झडतीत ज्यांच्या अब्रूसाठी रक्त सांडले असे सर्वांनी सांगितले, त्या स्त्रियांपैकी बहुतेकींचा एकही शब्द उरलेला नाही. चापेकरांच्या घरातील स्त्रियांनी मुलांच्या, पतींच्या आणि दिरांच्या फाशीनंतरचे दिवस त्याच पोलिसांच्या नजरेखाली काढले. त्या घरातील आणि आळीतील मुलींनी शिपायाला माजघरात येताना दाराआडून पाहिले असेल, त्यानंतर वडीलधाऱ्यांनी त्यांच्यावरच अधिक बंधने घातली असतील, आणि कीर्तनाच्या आख्यानात त्यांना स्थान फक्त रडणाऱ्या मातेचे असेल. दामोदरांचे आत्मवृत्त परक्या भाषेतून का होईना टिकले, पडद्यावरही आले. दाराआडच्या मुलीचे आत्मवृत्त लिहिलेच गेले नाही, कारण तिला लिहायला शिकवणाऱ्या सावित्रीबाईंना आणि त्यांच्या विचारांना त्या दारातून आत येण्याची मुभा नव्हती. ज्या बंधनांच्या रक्षणासाठी चापेकर लढत आहेत असे स्वतः समजत होते, त्यांतील एका बंधनाने त्यांच्याच घराच्या इतिहासाचा अर्धा भाग मुका ठेवला.

चिंचवडच्या चौकात आज बंधूंचे पुतळे आहेत, त्यांचा वाडा नव्याने बांधून स्मारक म्हणून जपला जातो आणि 2018 मध्ये दामोदरांच्या नावाने टपाल तिकीटही निघाले. हे सारे योग्यच आहे, कारण तीन मुलगे दिलेल्या घराचे ऋण गावाने मान्य केलेच पाहिजे. त्या स्मारकाला पूर्णता देणारी दुसरी खूण मात्र वाकडच्या पलीकडे, गणेशखिंडीत आहे. ज्या बंगल्यातून रँड त्या रात्री निघाला, त्या इमारतीवर 2014 पासून त्याच साथीत रुग्णसेवा करताना मरण पावलेल्या शिक्षिकेचे नाव आहे आणि तिथे दरवर्षी हजारो मुली पदव्या घेतात. त्यांच्यातील एखादीने आपल्या पणजीच्या पणजीला दाराआडून बाहेर काढून, काळ्या-पांढऱ्या रेषांत का होईना, 1897 चा वसंत तिच्या डोळ्यांनी रेखाटला, तर चिंचवडच्या क्रांतीचा उत्तररंग तिथून सुरू होईल.